तुम्ही विचारलंत म्हणून: ‘व्ही’ परत कशाला हवी?

‘व्ही’ ही परग्रहावरून आलेल्यांची जुनी अमेरिकन टीव्ही मालिका परत यावी असं म्हणणाऱ्यांत मीही आहे हे एकदा कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. माझा भाचा तर भेटला की सुरू होतो, “मावशी, २००९ मध्ये आली होती की परत! दोन सीझन झाले. आता अजून काय हवंय तुला?”

प्रश्न रास्त आहे. ज्यांनी मूळ मालिका पाहिलीच नाही त्यांना मात्र आधी थोडं सांगायला हवं. १९८३ च्या मे महिन्यात एनबीसी वाहिनीने सलग दोन रात्री ती दाखवली. लेखन आणि दिग्दर्शन केनेथ जॉन्सन यांचं. जगातल्या मोठ्या शहरांवर पन्नास अवाढव्य यानं येऊन थांबतात. आतून उतरणारे पाहुणे दिसायला हुबेहूब माणसासारखे, अंगात लाल गणवेश, डोळ्यांवर काळे चष्मे, बोलणं गोड. आमचा ग्रह संकटात आहे, तुमच्या कारखान्यांत आम्हाला एक रसायन बनवून द्या, बदल्यात आमचं ज्ञान घ्या, असा त्यांचा प्रस्ताव. प्रत्यक्षात त्यांना हवं असतं पृथ्वीवरचं पाणी आणि माणसं. माणसं खायला. कातड्याच्या मुखवट्याखाली ते सरड्यासारखे असतात. त्यांची डायना (जेन बॅडलर) जबडा वासून अख्खा गिनीपिग गिळते, तो प्रसंग इतका गाजला की आमच्या पिढीत ‘व्ही’ म्हटलं की “ती उंदीर गिळणारी बाई ना?” एवढंच ऐकू येतं.

मला ती बाई नकोय असं नाही. पण जॉन्सननी आधी जे लिहिलं होतं त्यात सरडे नव्हतेच. सिंक्लेअर लुईस यांच्या १९३५ च्या एका कादंबरीवरून त्यांना सुचलेली कथा होती अमेरिकेत हुकूमशाही कशी येईल याची. तेव्हा ‘स्टार वॉर्स’ची लाट जोरात होती आणि वाहिनीला अंतराळातलं काहीतरी हवं होतं. मग हुकूमशहा आकाशातून उतरवले. म्हणूनच असेल, पहिल्या दोन रात्रींत खरी गोष्ट यानांत घडत नाही, लॉस एंजेलिसच्या एका सुखवस्तू गल्लीत घडते.

पाहुणे सत्ता बळकावायला सुरुवात करतात ती रणगाडे आणून नाही. शास्त्रज्ञांनी आमच्याविरुद्ध कट केला, असं ते जाहीर करतात. शास्त्रज्ञांची नोंदणी सुरू होते, त्यांच्यावर बंधनं येतात, एकेक जण नाहीसा होऊ लागतो. गल्लीतले रॉबर्ट मॅक्सवेल मानववंशशास्त्रज्ञ, त्यामुळे कालपर्यंत हसून बोलणारे शेजारी आज नजर चुकवतात. बर्नस्टीनांचा डॅनियल, नोकरीत धड टिकत नसलेला पोरगा, पाहुण्यांच्या युवक पथकात भरती होतो आणि गणवेश चढताच त्याचा पाठीचा कणा एकदम ताठ होतो. नायक माइक डोनोव्हनची श्रीमंत आई पाहुण्यांच्या मेजवान्यांत रमते. टीव्हीवरची पत्रकार क्रिस्टीन वॉल्श त्यांची प्रवक्ती होते, आणि तिला ती बढती वाटते. यांतला एकही जण खलनायक नाही. प्रत्येकाकडे आपापलं पटण्याजोगं कारण आहे. मला हे गिनीपिगपेक्षा भयंकर वाटतं.

आणि मग अब्राहम, डॅनियलचे आजोबा, नाझी छळछावणीतून वाचलेले. मॅक्सवेल कुटुंबाला घरात लपवायचं का, यावर मुलगा नाही म्हणतो. त्याची भीतीही खोटी नाही, कारण घरातच डॅनियल आहे. तेव्हा म्हातारा त्याला त्याच्या आईच्या मृत्यूची आजवर लपवलेली खरी हकीकत सांगतो. पुढे पाहुण्यांच्या पोस्टरवर पोरं रंग फासत असतात, तर हा त्यांच्या हातातून डबा घेतो आणि विजयाचा व्ही कसा काढायचा ते दाखवतो. मालिका अर्पण केली आहे ती प्रतिकार करणाऱ्यांना: कालच्या, आजच्या आणि उद्याच्या.

यानंतरचं पटकन उरकते. १९८४ मध्ये तीन भागांची ‘द फायनल बॅटल’ आली, पण मतभेद होऊन जॉन्सन त्यातून बाहेर पडले होते. पाठोपाठ साप्ताहिक मालिका आली. १९ भाग झाले आणि मार्च १९८५ मध्ये गोष्ट ऐन टोकावर सोडून ती बंद पडली. गोळीबार, पाठलाग, डायनाचे कपडे. करमणूक म्हणून मीही ती बघितली आहे, भाड्याच्या कॅसेटवर, परत परत.

आता २००९ चं. एबीसी वाहिनीवर मोरेना बकारिन पाहुण्यांची म्होरकी ॲना झाली आणि काम उत्तम केलं, त्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्या सीझनमध्ये जेन बॅडलरलाही आणलं, ॲनाची आई डायना म्हणून. चाहत्यांना सुखावणारी गोष्ट. पण ती मालिका एफबीआय, गुप्त पथकं आणि आधीपासून आपल्यांत मिसळलेले सरडे यांच्यातच रमली. कोण छुपा सरडा आहे, हे शोधत राहायचं. मूळ मालिकेत प्रश्न होता कोण माणूस असूनही तिकडे जाईल. नव्यात गल्लीच नव्हती! २२ भागांनंतर तीही २०११ मध्ये अर्ध्यातच थांबली.

मग भाचा म्हणतो, चाहते एवढे आहेत तर खुद्द जॉन्सनच का नाही करत? त्यांनी प्रयत्न सोडलेले नाहीत. अडचण हक्कांची आहे: चित्रपटाचे हक्क त्यांच्याकडे, टीव्हीचे वॉर्नर ब्रदर्सकडे. एकत्र कुटुंबातल्या वाड्यासारखं झालंय, विकताही येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही. २००८ मध्ये त्यांनी पुढची गोष्ट कादंबरी म्हणून लिहून काढली. २०१८ मध्ये तीन चित्रपटांची घोषणा झाली आणि आम्ही मंडळी आठवडाभर हवेत होतो. चित्रपट काही आले नाहीत. जॉन्सन यांचा जन्म १९४२ चा, त्यामुळे ते स्वतः कॅमेऱ्यामागे उभे राहतील ही आशा मी आता फारशी बाळगत नाही.

तरी वाट बघण्याचं एक साधं कारण आहे. १९८३ च्या दुसऱ्या रात्रीच्या शेवटी कोणीही जिंकत नाही. बंडखोर एवढंच करतात, की पाहुण्यांच्या कोणा शत्रूला मदतीची हाक म्हणून अंतराळात संदेश पाठवतात. पोचला तरी उत्तर यायला किती वर्षं लागतील, कोणालाच ठाऊक नाही. ‘द फायनल बॅटल’ने तो धागा सरळ सोडून दिला. जॉन्सननी मात्र कादंबरीत तोच उचलला: वीस वर्षं उलटली आहेत, पाहुणे अजून इथेच आहेत आणि लोकांना त्यांची सवय झाली आहे. मला पडद्यावर हवी आहे ती ही सवय. लहानपणापासून यानं डोक्यावर बघत वाढलेली मुलं, सरकारी नोकरीसाठी पाहुण्यांची परीक्षा देणारी, आणि डॅनियलसारखा एखादा, ज्याला गणवेशात काही वावगं आहे हे कुणी सांगितलेलंच नाही.

लेसर आणि पाठलाग कमी असले तरी चालतील. दोन रात्रींत संपवली तर फारच उत्तम.

भाच्याला सध्या एवढंच सांगितलंय, की पहिल्या दोन रात्री नीट बघ. ‘द फायनल बॅटल’ बघायची असेल तर मायकल आयर्नसाइड या नटासाठी बघ, धमाल आहे. फक्त शेवटी ती अर्धी परग्रहावरची पोरगी चमचमत्या हातांनी अणुबॉम्ब थांबवते, तिथे मी उठून चहा ठेवते.