मैदानावरचा रोलर

स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा शाळेचा निरोप आला आणि डोळ्यांसमोर आला तो मैदानाच्या कोपऱ्यातला दगडी रोलर. पाठोपाठ सर. अकरावीचे फिजिक्सचे सर म्हटलं की आपल्या सगळ्यांना एकच चेहरा दिसतो, म्हणून नाव लिहीत नाही.

सहामाहीला गणित होतं. दोरी उभ्या रेषेशी ६० अंशांचा कोन करते, ओढ ५० किलोची, आडवा घटक काढा. आडवा म्हणजे कॉस, उभा म्हणजे साइन, हे आम्ही घोकूनच ठेवलं होतं. मी उत्तर लिहिलं २५. पेपर हातात देताना सर म्हणाले, "लेका, कोन कुठनं मोजलाय?" मला काही बोलता येईना. सरांनी खडू ठेवला आणि अख्खा वर्ग मैदानावर नेला.

आदल्या रात्री पाऊस झाला होता. रोलरच्या दांड्याला दोरी बांधून मी आणि शेजारचा पोरगा तिरकं ओढायला लागलो. जड होता, पण हलला. मग सरांनी तोच दांडा तिरका धरून ढकलायला लावलं. रोलर मातीत रुतला, आमच्या मांड्या थरथरायला लागल्या. सरांनी काठीनं ओल्या मातीतच काटकोन त्रिकोण काढला. रोलर ३०० किलोचा धरा, ओढ आणि कोन पेपरातलेच. ओढताना उभा घटक २५ किलो वर उचलतो, जमिनीवर भार २७५. ढकलताना तेच २५ खाली दाबतात, भार ३२५. पुढे नेणारा आडवा घटक मात्र दोन्ही वेळेला ४३ किलोच.

"कोनाच्या मांडीला मांडी लावून बसलाय त्याला कॉस, समोर बसलाय त्याला साइन. आडवा-उभा बघू नका, कोन बघा." सरांचं हे वाक्य मी आजही तसंच्या तसं म्हणतो.

शिरोली एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून आलेली कास्टिंग रोज क्रेननं उचलतो. एक टनाचा नग दोन पट्ट्यांवर उचलायचा, तर पट्टे सरळ उभे असताना प्रत्येकावर ५०० किलो येतात. तेच पट्टे उभ्या रेषेपासून ६० अंश फाकले की एकेकावर पुरा एक टन. पट्टा आखूड तितका जास्त फाकतो, म्हणून नवीन पोरगा आखूड पट्टा घेऊन आला की मी काम थांबवतो, फरशीवर खडूनं तोच त्रिकोण काढतो आणि लांब पट्टा आणायला लावतो. माझ्याकडे आजवर एकही पट्टा तुटलेला नाही. हे सरांना जाऊन सांगायचं होतं. दरवर्षी गुरुपौर्णिमेला ठरवायचो. राहून गेलं, आणि आता सर नाहीत.

मागच्या महिन्यात शाळेत गेलो होतो. अर्ध्या मैदानावर पेव्हर ब्लॉक बसलेत, रोलर कुठं दिसला नाही. कुणाला ठाऊक असेल तर कळवा. क्रेन माझी, भाडं माझं. उचलून परत त्याच कोपऱ्यात ठेवतो.