घाईत थंड केलेली बॅच

सकाळच्या पाळीला पोचलो तेव्हा फिल्टरवर तुरटीचा नुसता चिखल होता. ऑपरेटर वैतागला होता. "साहेब, दोन तास झाले, पाणी खाली उतरतच नाही." एरवी याच बॅचचे दाणे जाड वाळूसारखे मोकळे पडतात.

लॉगशीट पाहिली आणि उलगडा झाला. रात्री वेळ वाचवायला, गरम द्रावणाच्या टाकीभोवती जे पोकळ आवरण असतं त्या जॅकेटमध्ये थंड पाणी एकदम पूर्ण सोडलं होतं. मी थेंबभर गाळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. नेहमी टोकदार, आठ बाजूंचे लखलखीत स्फटिक दिसतात. आज दिसला तो धुरळा, कण एकमेकांना चिकटलेले. तेवढाच माल, पण वाटेकरी फार झालेले. एक मिलिमीटरच्या एका दाण्याइतक्या मालात 0.1 मिलिमीटरचे हजार दाणे होतात, आणि त्यांच्यातल्या फटी इतक्या बारीक की पाणी तिथेच अडकतं.

20 अंशांना 100 मिली पाण्यात जेमतेम 14 ग्रॅम तुरटी विरघळते, 50 अंशांना जवळपास 37. इतका माल झटक्यात नकोसा झाला की द्रावणात जागोजाग नवे कण जन्माला येतात. जुन्यांना वाढायला काही उरतच नाही.

बॅच पुन्हा टाकीत घेतली, 60 अंशांपर्यंत तापवून सगळं विरघळवलं. मग हळूहळू थंड करत, द्रावण किंचित अतिसंपृक्त होताच, म्हणजे मावतो त्याहून थोडा जास्त माल त्यात विरघळलेला असतानाच, चाळलेल्या बारीक तुरटीचं बीज सोडलं. ढवळणीचा वेग कमी केला; पात्यांवर आपटून दाण्यांचे तुकडे पडले तर तेही नवं बीजच. पहिले दोन तास तापमान अगदी सावकाश उतरवलं. तेव्हा बिजाचा पृष्ठभाग थोडा असतो, फार माल तो सामावून घेऊ शकत नाही. दाणे वाढले की वेग वाढवता येतो. सारखाच वेग धरणं सोपं, पण मला ते पटत नाही.

शिकाऊ मुलाने विचारलं, "मिठालाही असंच करायचं का?" प्रश्न फार चांगला होता. मिठाची विद्राव्यता 20 अंशांना 36 ग्रॅम, 100 अंशांना 39. थंड करून हाती काहीच लागत नाही, तिथे पाणीच उडवावं लागतं. पण हिशोब तोच: संथ बाष्पीभवनात मोठे घन वाढतात, जोरात उकळलं की बारीक मीठ. मेक्सिकोतल्या नाइका खाणीतल्या गुहेचंही मी त्याला सांगितलं. तिथे जिप्समचे स्फटिक 11 मीटरपर्यंत वाढलेत, कारण गरम पाणी लाखो वर्षं जवळजवळ एकाच तापमानाला, अगदी नावापुरतं अतिसंपृक्त राहिलं. त्याने हात पसरून लांबी मोजायचा प्रयत्न केला.

संध्याकाळी बॅच पुन्हा फिल्टरवर सोडली. खाली बादलीत धार पडल्याचा आवाज आला, तसा ऑपरेटर वळून माझ्याकडे पाहू लागला. चाळीस मिनिटांत थर कोरडा झाला. त्याने मूठभर दाणे उचलून कानाजवळ चोळले. करकरत होते.