लेस्टरच्या घरातले पाच अंश

इंग्लंडमधल्या जुन्या घरांतून उष्णता कोठून आणि किती बाहेर जाते हे मोजून तसा अहवाल लिहून देणे हा माझा व्यवसाय आहे. या कामात एक गैरसमज मला सतत भेटतो: घर एकदा तापले की पुढचा खर्च सारखाच, मग ते १९ अंशांवर ठेवा किंवा २४ अंशांवर. हा समज अशिक्षितांचाच असतो असे मुळीच नाही. जानेवारी २०२४ मध्ये लेस्टरमधील एका मराठी कुटुंबाने मला बोलावले, तेव्हा हा समज मांडणारे गृहस्थ स्वतः अभियंते होते, आणि त्यांनी तो इतक्या व्यवस्थित मांडला की त्याला तितकेच व्यवस्थित उत्तर देणे मला भाग पडले.

प्रकरण असे होते. डिसेंबरमध्ये त्यांच्या आई मिरजेहून आल्या होत्या. मिरजेत जानेवारीतही दुपारी ३० अंशांच्या आसपास तापमान असते, त्यामुळे १९ अंशांच्या घरात त्या स्वेटर आणि शाल घालूनही कुडकुडत. मुलाने थर्मोस्टॅट टप्प्याटप्प्याने २४ वर नेला. पुढच्या महिन्याचे गॅसचे बिल आले तेव्हा त्यांना वाटले की मीटरमध्ये किंवा गॅस जाळून घर तापवणाऱ्या बॉयलरमध्ये नक्कीच बिघाड असणार, आणि तसे मी लिहून द्यावे म्हणजे गॅस कंपनीकडे तक्रार करता येईल, अशी त्यांची अपेक्षा होती.

ते म्हणाले, "ताई, मी १९ चे २४ केले, म्हणजे सव्वापट. गॅस मात्र जवळपास दीडपट जळला आहे. आणि खरे तर सव्वापटही जळायला नको होता. भिंती एकदा तापल्या की त्या तापलेल्याच राहतात. नंतर फक्त तापमान टिकवायचे असते."

त्यांच्या बोलण्यात दोन वेगवेगळ्या चुका एकमेकींत मिसळलेल्या होत्या, आणि त्या सोडवायच्या तर आधी घर पाहणे आवश्यक होते. ते पहिल्या महायुद्धापूर्वीचे, ओळीतले शेवटचे घर होते. म्हणजे तीन बाजू उघड्या आणि एक बाजू शेजाऱ्याला लागून. बाहेरच्या विटांकडे पाहिले तर एकाआड एक विटेचे आखूड तोंड दिसत होते. अशी रचना दिसली की भिंत नऊ इंची, भरीव, मध्ये पोकळी नसलेली आहे असे समजावे. लेस्टरमध्ये अशा घरांच्या रांगाच्या रांगा आहेत. लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, जुने, दबून गेलेले, चार इंचांहून कमी जाडीचे इन्सुलेशन, म्हणजे उष्णता रोखणारा थर, होता. आज या देशात २७० मिलिमीटर जाडीची शिफारस केली जाते. पुढच्या खोलीतली शेकोटी कित्येक वर्षे पेटवलेली नव्हती, पण तिचे धुराडे छपरापर्यंत सताड उघडे होते. मीटर ठीक होता. बॉयलरही ठीक होता.

मग आम्ही जेवणाच्या टेबलावर हिशेब मांडला. भिंती, खिडक्या, छप्पर, जमीन आणि फटींतून होणारी हवेची ये-जा या सर्वांची बेरीज केली, तेव्हा आतल्या आणि बाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे ते घर सुमारे ३०० वॅट उष्णता गमावत होते. त्यातली जवळपास निम्मी गळती केवळ भिंतींतून होती. या एका आकड्यात सगळे उत्तर दडलेले आहे. बाहेर ५ अंश आणि आत १९ असताना फरक १४ अंशांचा, म्हणून गळती ४,२०० वॅट. आत २४ केले की फरक १९ अंशांचा, म्हणून गळती ५,७०० वॅट. माणसांच्या शरीराची ऊब, दिवे, फ्रिज, स्वयंपाक आणि खिडकीतून येणारे थोडेफार ऊन यांच्यामुळे साधारण ६०० वॅट फुकट मिळतात, असे धरले. ते वजा केले की बॉयलरला पहिल्या स्थितीत ३,६०० आणि दुसऱ्या स्थितीत ५,१०० वॅट पुरवावे लागतात. ही वाढ जवळपास ४२ टक्क्यांची आहे.

येथे त्यांची पहिली शंका मिटली. १९ आणि २४ या आकड्यांचे एकमेकांशी गुणोत्तर काढण्याला काही अर्थच नाही, कारण सेल्सिअसचा शून्य हा पाणी गोठण्याचा बिंदू आहे. तो घराच्या खर्चाचा शून्य नव्हे. घराच्या खर्चाचा शून्य बाहेरच्या हवेवर आणि फुकट मिळणाऱ्या उष्णतेवर ठरतो. त्या दिवशी बाहेर ५ अंश आणि फुकटच्या उष्णतेचे २ अंश असे मिळून घर आपोआपच ७ अंशांवर राहिले असते. तेथून १९ पर्यंत १२ अंश चढायचे की २४ पर्यंत १७ अंश, एवढाच खरा प्रश्न होता.

त्यांच्याकडे स्मार्ट मीटर होता आणि दर अर्ध्या तासाच्या नोंदी उपलब्ध होत्या, ही फार मोलाची गोष्ट होती. आम्ही आई येण्यापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन आठवडे निवडले, ज्यांत बाहेरचे सरासरी तापमान ५ अंशांच्या आसपास होते. उन्हाळ्यात हीटिंग बंद असताना रोज जेवढा गॅस लागे तो अंघोळीच्या पाण्याचा आणि स्वयंपाकाचा, म्हणून तेवढा दोन्हीकडून वजा केला. उरलेला आकडा आधी दिवसाला शंभर युनिटच्या थोडा वर होता आणि नंतर एकशे चाळीसच्या थोडा वर. (येथे गॅसही किलोवॅट-तासांतच मोजतात, म्हणजे आपल्या विजेच्या बिलातले युनिटच.) कागदावरचा हिशेब आणि मीटर इतके जुळलेले पाहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत; मग त्यांनी स्वतःच पेन घेतले.

दुसरी शंका अधिक खोल होती. तापलेल्या भिंती तापलेल्याच राहतात, मग रोज गॅस कशाला? भिंतींत उष्णता साठते हे खरेच आहे. तशा घराचे तापमान ५ अंशांनी वाढवण्यासाठी ढोबळ मानाने ३० युनिट उष्णता भिंती, जमीन आणि सामानसुमानात भरावी लागते, पण ती एकदाच. २४ अंशांवर राहण्यासाठी जी जादा गळती भरून काढावी लागते ती मात्र ३६ युनिट उष्णतेची, आणि तीही रोज. बॉयलर शंभरातली साधारण ८५ एकके घराला देतो असे धरले तर त्यासाठी ४२ युनिट गॅस लागतो. त्या तिमाहीतील सरकारी नियामकाच्या कमाल दराने, म्हणजे युनिटला सुमारे ७.४ पेन्स, हे दिवसाला ३ पौंडांहून अधिक झाले. चढण्याचा खर्च एकदाच करावा लागतो. वर राहण्याचा खर्च रोजचा असतो, आणि जितके वर राहावे तितका तो वाढतो. कपातला वाफाळता चहा पहिल्या मिनिटात जितका निवतो तितका कोमट झाल्यावर निवत नाही, हे प्रत्येक मराठी घराला ठाऊक असते. न्यूटनने १७०१ मध्ये मांडलेला निवण्याचा नियम हाच आहे, आणि भिंतीला तो चुकत नाही.

म्हणूनच रात्री थर्मोस्टॅट खाली आणण्यात तोटा होतो, सकाळी पुन्हा तापवायला जास्त गॅस लागतो, ही त्यांच्या सहकाऱ्याने सांगितलेली गोष्टही टिकत नाही. भिंतींनी रात्री सोडलेली उष्णता सकाळी परत भरावी लागते खरी, पण घर थंड असलेल्या तासांत गळती कमी झालेली असते आणि ती बचत हाती उरते.

मला स्वतःला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटली ती बाब बिलावर दिसत नव्हती. १९ अंशांचे घर ठेवायचे असेल तर, फुकटची उष्णता धरून, बाहेर १७ पेक्षा कमी तापमान झाले की बॉयलर लागतो. २४ चे घर हवे असेल तर बाहेर २२ असतानाच तो लागतो. इंग्लंडच्या मध्य भागात जुलैचे सरासरी तापमान १७ अंशांच्या जवळपास असते. याचा अर्थ असा की २४ अंशांचा हट्ट धरणाऱ्या या घराला हिवाळा कधी संपतच नाही. जुलैच्या रात्रीही बॉयलर सुरू होईल. शिवाय एप्रिल-ऑक्टोबरसारख्या सौम्य महिन्यांत टक्केवारी आणखी वाढते. बाहेर १० अंश असताना याच घराला १९ साठी २,१०० वॅट लागतात आणि २४ साठी ३,६००, म्हणजे सत्तर टक्क्यांहून अधिक वाढ. थर्मोस्टॅट वाढवणारा माणूस कडाक्याच्या थंडीचा विचार करतो, पण वर्षभराच्या बिलात मोठा वाटा या सौम्य महिन्यांचाही असतो.

एवढे सगळे सांगून झाल्यावर मुलाने सहजपणे म्हटले, "म्हणजे आई, आता १९ वरच राहू या." काकू काही बोलल्या नाहीत, पण मला ते मान्य होण्यासारखे नव्हते आणि मी तसे स्पष्ट सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत घरातील सुरक्षित तापमान किमान १८ अंश मानले आहे, आणि वृद्धांना, लहान मुलांना त्याहून अधिक लागू शकते असेही त्यांत म्हटले आहे. सत्तरी ओलांडलेल्या बाईला वाजणारी थंडी हा लाड नव्हे. हिशेब कळला म्हणून तिची ऊब काढून घ्यायची, यासाठी मी हिशेब मांडला नव्हता.

मी काकूंना विचारले की त्या दिवसभर कोठे बसतात. त्यांची खुर्ची पुढच्या खोलीत, मोठ्या खिडकीला लागून आणि बाहेरच्या भिंतीला पाठ करून ठेवलेली होती. आतली हवा २४ अंश असली तरी त्या भिंतीचा आतला पृष्ठभाग १९ च्या आसपास होता आणि काच १७ च्या. आपले शरीर हवेइतकेच आजूबाजूच्या पृष्ठभागांशीही उष्णतेची देवाणघेवाण करते. थंड भिंतीजवळ बसलेल्या माणसाला हवा कितीही तापवली तरी पुरेसे वाटत नाही. त्यातच उघडे धुराडे. आतली हवा जितकी गरम, तितकी ती हलकी होऊन धुराड्यातून जोराने वर जाते आणि दाराच्या फटींतून तितकीच थंड हवा आत ओढते. ती थंड हवा काकूंच्या पायांवरून जात होती.

"पाय गार पडतात, तेच तर मी सांगतेय," त्या म्हणाल्या, "पण हा आपला आकडा वाढवतो."

खुर्ची त्याच दिवशी शेजाऱ्याकडच्या भिंतीला लावली, कारण पलीकडे तापवलेले घर असल्यामुळे ती भिंत उबदार राहते. धुराड्यात हवेने फुगवायचा फुगा बसवला, दाराखाली ब्रशची पट्टी लावली, खिडकीला जाड अस्तराचे पडदे घेतले. बॉयलरच्या गरम पाण्याने खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरच्या झडपांनी काकूंच्या खोल्या २१ ते २२ वर आणि बाकीच्या १८ वर ठेवल्या. आतल्या भिंतींतून उष्णता इकडून तिकडे जातेच, त्यामुळे यातून पूर्ण बचत होत नाही, पण बरीच होते. थर्मोस्टॅट पुढच्या दाराजवळच्या गार बोळात होता, तो बैठकीच्या खोलीत आणला. संध्याकाळी मांडीवर घ्यायला शंभर वॅटचे विजेचे पांघरूण घेतले. ते आठ तास पूर्ण वेळ चालले तरी एका युनिटपेक्षा कमी वीज घेते. लॉफ्टचे इन्सुलेशन फेब्रुवारीत वाढवले.

नंतर त्यांनी मला मीटरच्या नोंदी पाठवल्या. बाहेरच्या तापमानाचा फरक जमेस धरून पाहिले, तर गॅस १९ अंशांच्या दिवसांच्या पातळीच्या अगदी जवळ आला होता, आणि काकू २२ अंशांत स्वेटरशिवाय बसत होत्या. उरला आहे तो बाजूच्या मोकळ्या भिंतीचा प्रश्न. तिला बाहेरून इन्सुलेशन लावले तर ३०० पैकी ५० ते ६० वॅट कमी होतील, पण त्यामुळे भिंतीची जाडी शेजारच्या सामाईक बोळात येते. त्यासाठी शेजाऱ्यांची संमती हवी, आणि ते बोलणे अजून चालू आहे.