लाइट गेल्यावर पाणी कुठे जातं: चार फुटी टँकचा संप आणि रेफ्युजियम

सात आठवडे झाले, माझा खाऱ्या पाण्याचा फिशटँक नव्या संपावर, म्हणजे खाली ठेवलेल्या पाणी गाळायच्या टाकीवर, चालतोय. मागची नोंद काचेला भोकं पाडण्यापाशी थांबली होती, तिथून पुढचं आज लिहितो. संप करायला घेतलेल्या कुणालाही पडताळून बघता यावेत म्हणून आकडे सगळे देतोय.

टँक 120 × 45 × 50 सेंमी, म्हणजे काठोकाठ 270 लिटर. खालच्या कपाटात 90 × 40 × 40 चा संप. वरचं पाणी ड्रेनच्या पाइपाने संपात येतं आणि पंप ते रिटर्नच्या पाइपाने परत वर ढकलतो. आम्ही पुण्यात सहकारनगरला दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि टँकच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर, काकूंचं देवघर आहे. त्यामुळे पाइप कुठून कसा न्यायचा हे ठरवताना एकच प्रश्न धरून बसलो होतो: लाइट गेली की पाणी कुठे जाईल?

हिशेब सोपा आहे, पण तो सिलिकॉनची ट्यूब उघडायच्या आधी करायचा. माझ्या टँकमध्ये पातळी एक सेंमी उतरली की 5.4 लिटर पाणी खाली येतं. रिटर्नचं तोंड पाण्याखाली तीन सेंमी ठेवलं, तर पंप थांबल्यावर 16 लिटर उलटं संपात उतरणार. त्यात मागच्या ओव्हरफ्लोच्या पेटीतलं (ड्रेनकडे जाणारं पाणी हिच्यात सांडतं) आणि पाइपातलं पाच-सहा लिटर धरा. म्हणजे 22. संपाचे तीन भाग केलेत: डावीकडे स्किमर, म्हणजे फेसातून घाण काढणारं यंत्र (36 सेंमी), मधे रिटर्न पंप (24), उजवीकडे रेफ्युजियम, म्हणजे शेवाळ वाढवायचा कप्पा (30). कडेच्या दोन भागांत पाणी 24 सेंमीवर असतं, मधल्यात 18 वर. वरची रिकामी जागा साधारण 63 लिटर भरते. 22 ला 63, म्हणजे कागदावर निवांत.

उलटा हिशेबही तितकाच महत्त्वाचा. ड्रेन पूर्ण तुंबला आणि पंप चालूच राहिला तर? पंप मधल्या कप्प्यातलं पाणी वर ढकलत राहील. पंपाला ओढता येईल असं पाणी तिथे जेमतेम 13 लिटर, म्हणजे वरची पातळी अडीच सेंमीने चढणार. काठ चार सेंमी वर आहे. पंप कोरडा पडेल, पण पाणी फरशीवर येणार नाही. मधला कप्पा मी मुद्दाम लहान ठेवला तो यासाठी. हा कप्पा मोठा केला की बाष्पीभवनाची चिंता कमी होते हे खरं, पण मग ही सुरक्षितता जाते. टॉप-अपची, म्हणजे उडालेलं पाणी भरून काढायची, सोय वेगळी करता येते, काठ उंच करता येत नाही.

ड्रेनला हर्बी पद्धत घेतली. सव्वा इंची दोन पाइप. एक पूर्ण सायफन, त्यावर गेट व्हॉल्व्ह. दुसरा आपत्कालीन, त्यावर कसलाच व्हॉल्व्ह नाही, तोंड पाण्याच्या नेहमीच्या पातळीच्या किंचित वर. बीनअॅनिमल पद्धतीचे तीन पाइप जास्त निर्धोक आहेत हे मान्य, पण माझ्या पेटीत तिसऱ्या भोकाला जागा नव्हती. सायफनला बॉल व्हॉल्व्ह लावू नका. केसभर फिरवला तरी प्रवाह एकदम बदलतो. गेट व्हॉल्व्हला पाव वेढा, अर्धा वेढा असं हळूहळू जुळवता येतं आणि जुळलं की बाथरूममधल्या नळाएवढाही आवाज राहत नाही.

हा व्हॉल्व्ह शोधताना बोहरी आळीत दोन चकरा झाल्या. पहिल्या दुकानात सगळे पितळी. काउंटरवरचे काका मनापासून सांगत होते, "साहेब, ब्रासचाच घ्या. प्लॅस्टिकचे आटे जातात."

"काका, खारं पाणी आहे. आत कोळंबी आणि गोगलगायी ठेवायच्यात. तांबं उतरलं तर सगळ्या मरतील."

त्यांनी थोडा विचार केला आणि मी निवडून ठेवलेल्या ढिगातून चार एफटीए (आतून आटे असलेले जोड) बाजूला काढले. "मग हे पण नका घेऊ. आत बघा." टॉर्च मारून पाहिलं, तर प्लॅस्टिकच्या आत आट्यांच्या जागी पितळी कडी. बाहेरून ते पूर्ण पांढरे दिसतात. यूपीव्हीसी आणि सीपीव्हीसी दोन्हींत ब्रास इन्सर्टवाले फिटिंग आपल्याकडे सर्रास मिळतात, घरच्या नळाला ते चांगलेच असतात, पण आपल्या कामाला एकही चालत नाही. प्रत्येक आट्यांचा तुकडा आत डोकावून घ्या. मी त्या काकांचा ऋणी आहे. पूर्ण प्लॅस्टिकचा गेट व्हॉल्व्ह शेवटी ऑनलाइन मागवला, तो यायला नऊ दिवस लागले.

जोडणी एका शनिवारी केली. आधी सगळं कोरडं बसवलं, प्रत्येक सांध्यावर मार्करने आडवी रेघ मारली, म्हणजे सिमेंट लावल्यावर एल्बो कुठे वळवायचा ते शोधत बसावं लागत नाही. हॅकसॉने कापल्यावर पाइपाच्या आत बारीक भुसा आणि कड राहते. ती पॉलिश पेपरने साफ केली, कारण तीच नंतर पंपात जाते. सॉल्व्हेंट सिमेंट दोन्हीकडे पातळ लावायचं, पाइप आत ढकलताना पाव वेढा फिरवायचा आणि तीस सेकंद दाबून धरायचं. सोडलं तर सांधा हळूच मागे सरकतो, हे हाताला जाणवतं. ड्रेनला काटकोनाचे एल्बो टाळून 45 अंशांचे जोड्या करून वापरले. पंपाच्या वर आणि दोन्ही ड्रेनवर युनियन, म्हणजे फिरवून सुटे होणारे जोड, टाकले. युनियन महाग वाटतात, पण साफसफाईला पाइप कापावा लागणार नसेल तर ते पैसे वसूल आहेत.

रविवारी नळाचं साधं पाणी भरलं. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवले आणि दर तासाला फिरून पाहिलं. संध्याकाळी सातला सायफनच्या टँक निपलखालच्या (काचेच्या भोकात बसवायच्या जोडाखालच्या) कागदावर रुपयाएवढा ओला डाग दिसला. चूक माझीच होती. रबराचा वॉशर मी नटाच्या बाजूला घातला होता. तो कॉलरच्या बाजूला, काचेला भिडून हवा. नटाच्या बाजूला असला तर पाणी आट्यांच्या चरीतून वाट काढत नटाखालून येतं. कितीही आवळा, थांबत नाही, आणि जास्त आवळलं तर काच जाते. पेटी रिकामी करून वॉशर बदलला, नट हाताने घट्ट करून वर फक्त पाव फेरा दिला. डाग परत आला नाही.

मग मेन परीक्षा. पंपाचा स्विच बंद केला आणि संपासमोर मांडी घालून बसलो. पाणी चढू लागलं. 25, 27, 28 सेंमी. इथे थांबायला हवं होतं. थांबलं नाही. 30, 33 आणि 36 वर गेल्यावर कुठे स्थिर झालं, काठाच्या चार सेंमी खाली. वर जाऊन पट्टी लावली, तेव्हा कारण कळलं. रिटर्नचा लवचीक तुकडा पाण्याच्या जोराने खाली झुकला होता आणि त्याचं तोंड तीनऐवजी आठ सेंमी खोल गेलं होतं. पाच सेंमीचा फरक, म्हणजे 27 लिटर.

लवचीक तुकडा काढून टाकला आणि जागेवर पक्का एल्बो बसवला. शिवाय रिटर्न पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली 5 मिमीची दोन भोकं पाडली. पातळी उतरली की त्यातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. दोन अशासाठी की एक शेवाळाने किंवा गोगलगायीने बुजलं तर दुसरं उघडं राहील. दर पंधरा दिवसांनी दात कोरायच्या काडीने साफ करतो. काही जण चेक व्हॉल्व्हवर विसंबतात. खाऱ्या पाण्यात त्याच्या झडपेवर चुन्याचा थर बसतो, मग ती पूर्ण मिटत नाही. मी लावला नाही.

दुरुस्तीनंतर दहा वेळा बंद-चालू केलं. दर वेळी पाणी 28 सेंमीच्या आतच थांबलं. परत चालू करताना मात्र सायफन धरायला तीन-चार मिनिटं लागत होती आणि तोवर आपत्कालीन पाइप धो धो वाहत होता. सायफनच्या पाइपाचं खालचं टोक संपात दहा सेंमी बुडालेलं होतं, अडकलेल्या हवेला बाहेर पडता येत नव्हतं. ते कापून जेमतेम दोन सेंमी बुडेल असं केलं. आता चाळीस सेकंदांत शांत होतं. शेवटी गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पाहिलं: एकट्या आपत्कालीन पाइपाने सगळा प्रवाह पेलला. त्या रात्री मी नीट झोपलो. प्रवाह वीस लिटरच्या बादलीने मोजला. 50 सेकंदांत भरली, म्हणजे ताशी 1440 लिटर. पंपाच्या खोक्यावर 3000 लिहिलंय, पण तो आकडा शून्य उंचीचा असतो. दीड मीटर चढ आणि एल्बोंमध्ये निम्मं गेलं.

तीन दिवस चाचणी चालली. उतरवलेलं पाणी बादल्यांनी पार्किंगमधल्या झाडांना घातलं. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, महापालिकेचं पाणी बंद, त्यामुळे सोसायटीत सगळ्यांना ते बरंच वाटलं. मग आरओ-डीआयचं (क्षार काढून शुद्ध केलेलं) पाणी साठवत मीठ कालवलं, सापेक्ष घनता 1.025 वर आणली.

आता रेफ्युजियम. इथे मला आराखडा बदलावा लागला. सुरुवातीला सायफनलाच गेट व्हॉल्व्हच्या खाली टी टाकून एक फाटा रेफ्युजियममध्ये सोडला होता, त्यावर बॉल व्हॉल्व्ह. पंपावरचा भार वाचेल अशी कल्पना. पण पूर्ण सायफनमध्ये कुठेही हात लावला की सगळाच तोल बदलतो. रेफ्युजियमचा प्रवाह कमी केला की वर डिस्प्लेची, म्हणजे मुख्य टँकची, पातळी चढायची आणि आपत्कालीन पाइप गुरगुरायला लागायचा. शिवाय वरची सगळी घाण थेट चीटोवर, म्हणजे रेफ्युजियममधल्या शेवाळावर, येऊन बसायची. दहा दिवसांत शेवाळाचा गोळा तपकिरी झाला, हात लावला की धुरळा उडत होता. फाटा कापून तिथे एंड कॅप लावली आणि रिटर्न पाइपावर पाऊण इंची टी काढून त्यातून रेफ्युजियमला पाणी दिलं. स्किमरमधून गेलेलं पाणी, हवं तेवढंच, आणि सायफनला त्याचा पत्ताही लागत नाही. आता चीटो हळूहळू गोल फिरते, त्यामुळे सगळ्या बाजूंना उजेड मिळतो.

कॉलर्पा हे दुसरं समुद्री शेवाळ मी घातलं नाही. ती जोमाने वाढते, पण कधी कधी एका रात्रीत बीजं सोडून पांढरी पडते आणि शोषलेलं सगळं परत पाण्यात येतं. खडक सिरॅमिकचे घेतले. किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलणं मुळात बेकायदेशीर आहे, 2001 पासून खडे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि ते तिथेच राहिलेले मला हवे आहेत.

रेफ्युजियमचा दिवा रात्री नऊ ते सकाळी सात. डिस्प्लेचे दिवे बंद असताना चीटो कार्बन डायऑक्साइड ओढते, त्यामुळे पहाटेचा पीएच आधी 7.85 पर्यंत घसरायचा तो आता 8.0 च्या खाली जात नाही. नायट्रेट 25 वरून 10 वर आलंय. यात नव्या स्किमरचाही वाटा असणार, दोन्ही एकाच वेळी सुरू केल्यामुळे कुणाचा किती हे वेगळं काढता येत नाही.

मे महिन्यात संपावरच्या पंख्याने रोज सहा लिटर पाणी उडत होतं आणि तापमान 27 च्या आत राहत होतं. पाऊस सुरू झाल्यावर हवाच दमट, त्यामुळे दोन-अडीच लिटरच उडतं आणि पंख्याने थंडावाही तितका येत नाही. टॉप-अपचा फ्लोट त्यानुसार पुन्हा जुळवायचाय, ते काम बाकी आहे.

पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या त्या दिवशी पहिली कापणी केली. सुरुवातीला मूठभर, 60 ग्रॅम घातली होती. पिळून वजन केलं तर 410 भरलं. निम्मी परत ठेवली. काढलेला गोळा पांढऱ्या ट्रेमध्ये खाऱ्या पाण्यात झटकला, तर तळाशी तांदळाच्या कणीएवढे अॅम्फिपॉड सैरावैरा पळत होते, आणि त्यांच्याहून बारीक ठिपके झटके देत पोहत होते, ते कोपेपॉड. ट्रेमधलं पाणी तसंच डिस्प्लेत ओतलं. एरवी खडकामागे दडून बसणारा मॅंडरिन मासा मिनिटभरात बाहेर आला आणि काचेवरून एकेक टिपू लागला.