बसणाऱ्यांचा खेळ

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख हवा, असा संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा दोन विषयही सुचवले गेले: ‘शाळेने दिलेले संस्कार’ किंवा ‘माझे आवडते शिक्षक’. दोन्हींवर बाकीचे माजी विद्यार्थी भरभरून लिहितील, याबद्दल मला शंका नाही. मी लिहिणार आहे मैदानाबद्दल आणि जिन्याखालच्या संगीताच्या खोलीबद्दल. साठी ओलांडल्यावर शाळेतलं जे अजून रोज उपयोगी पडतं, ते या दोन जागांवरचंच आहे. बीजगणित केव्हाच गेलं.

मी खो-खो खेळायचे आणि तबला शिकायचे. विजेत्यांच्या फलकावर माझं नाव नाही, उगाच शोधू नका. संघात होते, पण शेवटच्या क्षणी खांबावर सूर मारून गडी टिपणारी मी नव्हे. त्या दोघी-तिघी वेगळ्या. मी बसणाऱ्यांतली.

बाहेरून पाहणाऱ्याला खो-खो हा पळण्याचा खेळ वाटतो. प्रत्यक्षात आक्रमण करणाऱ्या संघाचे नऊ खेळाडू मैदानात असतात आणि त्यातले आठ कुठल्याही क्षणी बसलेले असतात. एकीचं तोंड इकडे, तर शेजारणीचं तिकडे. खो मिळतो तो पाठीमागून. तो मिळायच्या आत उठलात तर फाऊल. एकदा उठून एका दिशेला निघालात की मागे फिरायचं नाही, खांब ओलांडल्याशिवाय दिशा बदलायची नाही, आणि मधली पाटी तर ओलांडायचीच नाही. म्हणजे पळणारीला पुढचं दिसत असतं, पण बसलेलीला स्वतःच्या मागे काय चाललंय ते फक्त ऐकू येतं.

हे ऐकणं सरांनी आमच्याकडून घोटून घेतलं. चवड्यांवर बसायचं, टाचा उचललेल्या, दोन्ही हातांची बोटं मातीला टेकलेली. मागून पावलं येतात. धावणारी मैत्रीण दमली असेल तर पावलं जड पडतात, आता ती खो देणार हे कळतं. हुलकावणी खाल्ली असेल तर मातीवर एक लांब फरपटल्याचा आवाज येतो. मग दोन खांद्यांच्या मधोमध तळवा पडतो, ‘खो!’ कानात शिरतो, आणि तोवर तुमचा उजवा पाय निघालेला असतो. सर म्हणायचे, “उठायची घाई करू नका गं. बसायला शिका.” आम्हाला हसू यायचं. बसायला काय शिकायचं?

तबल्याच्या खोलीतही तेच, फक्त माती नव्हती. गुरुजींनी कित्येक आठवडे तबल्याला हात लावू दिला नाही. आधी पढंत. हातावर ताल धरायचा आणि बोल म्हणायचे. तीनतालाच्या सोळा मात्रा: पहिलीवर सम, म्हणजे तालाची सुरुवात, पाचवीवर टाळी, नववीला खाली, तेरावीला पुन्हा टाळी. खालीला टाळी नाही, नुसता तळवा उलटा करायचा. आमच्यातल्या निम्म्या मुली त्या खालीलाच घसरायच्या, कारण जिथे आवाज करायचा नसतो तिथे मोजणं सुटतं. वाजवायला लागल्यावर त्या जागी काय होतं ते कळलं. नववीच्या ‘धा’नंतर ‘तिं तिं ता’ येतं, डाव्या हाताचा डग्गा गप्प होतो, पुढची ‘ता’सुद्धा उजव्या हाताचीच, आणि चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’ला डग्गा परत बोलू लागतो. तेवढ्या चार मात्रांत गाणाऱ्याला समजतं, सम किती लांब आहे ते.

त्यातही मला साथ आवडायची. एकल वादनाला कायदे, रेले, तिहाया अशा रचना हव्यात, सराव हवा. साथीला ठेका हवा, म्हणजे तालाचे ठरलेले बोल न थांबता वाजवत राहणं. ठेका देणारी गाणारीच्या तानेमागे पळत नाही, तीही चवड्यांवर बसलेलीच असते.

आता थोडी तक्रार. आमच्या वेळी संगीताचा तास आणि खेळाचा सराव नेमके एकाच वेळी ठेवलेले असत. वर्षानुवर्षं. आंतरशालेय सामने जवळ आले की मी तबल्याला दांडी मारायची आणि ‘प्रवेशिका’ जवळ आली की मैदानाला. गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा तेव्हाही शाळेपेक्षा भारी वाटायच्या, बाहेरचे परीक्षक यायचे म्हणून. दोन्ही शिक्षकांना वाटायचं, मुलीचं लक्ष दुसरीकडे आहे. खरं म्हणजे मुलगी दोन खोल्यांत एकच विषय शिकत होती, पण हे तेव्हा मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, तर त्यांना कुठून सांगणार?

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांचं सारखंच असतं. कॉलेज, नोकरी, लग्न, मुलं, बदल्या, सासूबाईंचं आजारपण. तबल्याची जोडी माळ्यावर. मैदान तर बसच्या खिडकीतून दिसेल तेवढंच.

निवृत्तीनंतर जोडी खाली काढली. वरच्या काळ्या शाईला तडे गेले होते, चामड्याची वादी सैल पडली होती, ती दुरुस्त करून घेतली. पहिल्या दिवशी ‘तिरकिट’ वाजवायला गेले तर बोटं एकमेकांत अडखळली आणि करंगळीपर्यंत कळ गेली. पण ठेका मात्र आपसूक आला. खालीला डावा हात आपणहून थांबला, चौदाव्या मात्रेला आपणहून उतरला. हाताने शिकलेलं मेंदू वेगळ्या ठिकाणी ठेवतो, लहान मेंदूचा त्यात मोठा वाटा असतो, असं वाचलं होतं. वाचलेलं आणि अनुभवलेलं इतकं जुळल्याचं माझ्या बाबतीत क्वचितच झालंय.

गुडघे मात्र शाळेला विसरले. मांडी घालता येत नाही, म्हणून खुर्चीवर बसून समोर स्टँडवर तबला ठेवते. आमच्या ज्येष्ठांच्या भजनी मंडळात कोणाचा श्वास मध्येच संपतो, कोणी अंतरा विसरून पुन्हा मुखड्यावर येतं. अशा वेळी घाईने सम गाठून देण्याचा मोह होतो. तो आवरायचा. ठेका चालू ठेवायचा आणि त्या कुठून येताहेत ते ऐकायचं. नव्या आलेल्या एका बाईंनी विचारलं, “तुम्हाला आधीच कसं कळतं हो मी कुठे वळणार ते?” मी खो-खो खेळायचे, एवढंच सांगितलं. त्यांना वाटलं मी विषय बदलतेय.

2025 च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला 78-40 असं हरवलं. मातीऐवजी मॅट, झगमगते दिवे, समालोचन. घरातले सगळे पळणाऱ्यांकडे बघत होते. माझी नजर बसलेल्या मुलींच्या टाचांवर होती. उचललेल्याच होत्या.

फायनल संपल्यावर नातीने विचारलं, “आजी, तू पण अशी पळायचीस?” बसायचे, म्हटलं. तिला हे फारसं पटलं नाही. सध्या ती क्रिकेटच्या शिबिराला जाते आणि कीबोर्डही शिकते, दोन्ही शनिवारी सकाळी, दोन्ही नऊ वाजता. तिच्या आईला मी एक तास संध्याकाळी घ्यायला लावलाय.

अमृतमहोत्सवी समितीने माजी विद्यार्थ्यांकडून सूचना मागवल्या आहेत. देणगीतून सभागृहाचं छत होणार आहे, ते व्हावंच. माझी सूचना बिनखर्चाची आहे. संगीत आणि खेळ यांच्या वेळा वेळापत्रकात एकमेकांवर येऊ देऊ नका. आणि संगीताच्या खोलीतल्या डग्ग्याला नवी पुडी, म्हणजे वरचं कातडं, लागणार असेल, तर तेवढं बिल माझ्याकडे पाठवा.