केमनची नोंद : मागच्या उजव्या टायरचं प्रेशर चढत नव्हतं

धुळ्याहून जळगावला येताना, पारोळा सोडल्यावर गाडीची मागची बाजू वेगळी वागू लागली. लेन बदलली की नाक नेहमीसारखं चटकन वळायचं, पण मागचं अंग एकदा बसून पुन्हा थोडं कलायचं. स्टिअरिंग कुठे ओढत नव्हतं. पोर्श ७१८ केमन या माझ्या स्पोर्ट्स कारचं इंजिन सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे असतं, वजन मागे जास्त. त्यामुळे मागच्या टायरची हवा उतरली तर ते हाताच्या आधी कंबरेला कळतं. कमी हवेचा इशारा देणारा दिवा अजून लागलेला नव्हता.

वेग कमी केला आणि स्क्रीनवर चारही टायरच्या प्रेशरचे आकडे उघडले. तीन टायर सकाळच्या, गाडी चालवण्याआधीच्या थंड आकड्यापेक्षा ०.२ ते ०.३ बारने वर होते. मागचा उजवा सकाळी होता तिथेच. नुसता तोच आकडा बघितला असता तर सगळं ठीक वाटलं असतं. पण टायर चालून तापला की आतली हवा फुगते आणि प्रेशर चढलंच पाहिजे. तीन चढले आणि चौथा जागचा हलला नाही, म्हणजे तो जितका चढायला हवा तितकी हवा बाहेर जात होती. हे मला या गाडीने शिकवलेलं सगळ्यात कामाचं वाचन वाटतं. आता आकडे उघडले की मी चौघांची चढण शेजारी-शेजारी ठेवून बघतो.

आपल्याकडे हे जास्तच लागतं. जानेवारीत धुळ्यात पहाटे पारा दहाच्या खाली जातो, मेमध्ये भुसावळला पंचेचाळीसच्या वर. गणिताने दर १० अंशांना साधारण ०.१ बार, म्हणजे दीडेक पीएसआय फरक पडतो. हिवाळ्यात भरलेली हवा मेपर्यंत तशीच ठेवली तर ०.४ बारचा फरक नुसत्या हवामानाचा. पण हवामान चारही टायर सारखेच वर-खाली करतं. एकटाच मागे राहिला तर खिळा, काटा नाहीतर वॉल्व्ह.

एरंडोलच्या अलीकडे पंक्चरच्या टपरीपाशी थांबलो. टपरीचा जॅक गाडीखाली जाईना, म्हणून गाडी हळूहळू पुढे ढकलत टायर फिरवला आणि साबणाचं पाणी मारलं. ट्रेडच्या मधल्या खाचेत बारीक बुडबुडे आले. चपटं डोकं, झिजून चकचकीत झालेलं. ‘भाऊ, हाऊ बैलना नालना खिया शे,’ दुकानदार बघताक्षणी अहिराणीत म्हणाला, म्हणजे बैलाच्या नालेचा खिळा. तो चिमटा घेऊन सरसावला, पण मी खिळा तिथेच राहू दिला, कारण बुडबुडे सावकाश येत होते. या गाडीला स्टेपनी नाही, असतो तो कॉम्प्रेसर आणि भोक आतून बुजवणाऱ्या जेलची बाटली. गळती इतकी हळू असेल तर मी जेल टाकत नाही; ते आत सगळीकडे पसरतं, सेन्सरला चिकटतं आणि नंतर दुरुस्ती करणाऱ्याला आधी ते धुवावं लागतं. हवा भरली, साठच्या आत चालवत जळगाव गाठलं. वाटेत पाळधीला एकदा थांबून आकडा बघितला. उतरत होता, पण सावकाश.

जळगावात टायर रिममधून काढायला लावला. बाहेरून भोकात रबराची दोरी घालून काम पाच मिनिटांत झालं असतं, पण २६५ मिमी रुंदीचा ‘वाय’ रेटिंगचा, ताशी ३०० किमी वेगाला चालणारा टायर दोरीच्या भरवशावर ठेवायला माझा जीव धजत नाही. शिवाय आतून बघणं महत्त्वाचं. कमी हवेवर टायर जास्त चालला असेल तर साइडवॉलच्या आत काळपट पट्टा उठतो आणि रबराचा चुरा पडतो. बोटं फिरवून बघितली, आत स्वच्छ होतं. मशरूम पॅच (आतून चिकटणारा, देठ भोकात बसणारा) बसवला, वॉल्व्हची पिन बदलली, बॅलन्सिंग केलं.

त्यानंतर रोज सकाळी ऊन लागण्याआधी हातातल्या गेजने चारही टायर मोजतोय. मागचा उजवा डाव्याच्या बरोबरीने राहतोय, आणि धावल्यावर दोघं सारखेच चढतायत. चाळीसगावजवळच्या कन्नड घाटात मात्र गाडी अजून नेलेली नाही. वळणांवर मागच्या बाहेरच्या टायरवर जास्त भार येतो, त्यामुळे आधी महामार्गावर आणखी काही दिवस आकडे बघायचेत. पुढच्या नोंदीत घाटाचे थंड आणि गरम दोन्ही आकडे टाकतो.