सात आठे किती? सांग, सहा सेकंदांत!

इथे इंग्लंडमध्ये सरकारी शाळांतल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांची दर जूनमध्ये पाढ्यांची चाचणी होते. २०२२ पासून ती सक्तीची आहे. पडद्यावर २५ प्रश्न, १२ पर्यंतचे पाढे आणि प्रत्येक उत्तराला ६ सेकंद. पास-नापास असं काही नसतं, पण हे मुलांना कोण पटवणार?

तिसापर्यंत पाढे घोकलेल्या आपल्या पिढीला हे किरकोळ वाटेल. पण ओळीने पाढा म्हणणं वेगळं आणि मधूनच विचारलेलं सांगणं वेगळं. माझी लेक सातचा पाढा घडाघडा म्हणते. ‘सात आठे?’ असं एकदम विचारलं की मात्र ती सात एके सातपासून निघते. टेबलाखाली बोटं एकेक करून मिटत जातात, नजर मात्र पडद्यावरच्या घड्याळावर. साता पाचा पस्तीसपर्यंत पोचते तोवर पुढचा प्रश्न आलेला असतो. मग त्याचंही उत्तर चुकतं, येत असूनही.

भीतीने डोकं चालत नाही हे अगदी खरं आहे. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क या संशोधकांनी २००१ मध्ये गणिताची धास्ती असलेल्या विद्यार्थ्यांना हातच्याच्या बेरजा दिल्या आणि सोबत काही अक्षरंही लक्षात ठेवायला सांगितली. त्यांच्या चुका इतरांपेक्षा बऱ्याच वाढल्या. हातचा धरून ठेवायला मनात जी जागा लागते, तीच काळजीने अडवलेली असते.

म्हणून घरच्या सरावातून आम्ही आधी घड्याळ काढून टाकलं. मग चौकटीच्या कागदावर सात ओळी, प्रत्येक ओळीत आठ ठिपके. पाचव्या ओळीखाली कागद दुमडला. वर पाच आठे चाळीस, खाली दोन आठे सोळा. लेकीने कागद उलगडला, पुन्हा दुमडला, आणि मग स्वतःच चौथ्या ओळीखाली दुमडून बघितला. बत्तीस आणि चोवीस. तरीही छप्पन्नच! उत्तर विसरलं तरी ते पुन्हा काढता येतं, हे कळल्यावर तिची घाई कमी झाली.

आणखी एक हिशेब तिला फार आवडला. १२ गुणिले १२ च्या तक्त्यात १४४ घरं असतात. सात आठे आणि आठ साते एकच, म्हणून उरली ७८. त्यातून १, २, ५ आणि १० चे सोपे पाढे वगळले की राहतात फक्त ३६. तिने ती रंगवून घेतली. आलेल्या घरावर फुली मारायची, न आलेल्याला काही करायचं नाही.

‘अगं, सोपं तर आहे!’ हे वाक्य मी वर्ज्य केलंय. सोपं असूनही येत नाही म्हणजे आपण ढ, एवढाच अर्थ मूल काढतं. त्याऐवजी ‘कसं काढलंस?’ विचारते, उत्तर बरोबर आलं तरीही. इथल्या वर्गातही बाई हेच विचारतात, आणि एकाच गणिताच्या दोन-तीन रीती फळ्यावर शेजारी-शेजारी मांडतात.

अभ्यासाला कोण बसतं, यानेही फरक पडतो. अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की ज्या पालकांना स्वतःलाच गणिताची भीती होती आणि जे वरचेवर गृहपाठ घ्यायचे, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली. आमच्याकडे गणिताला आता बाबा बसतो. त्याला या विषयाचा ना राग ना प्रेम, त्यामुळे आवाज चढत नाही. मराठी वाचनाचं खातं माझ्याकडे.